रक्त न काढणारी सुई

आमच्या दवाखान्याच्या उंबऱ्यावर प्रमुख पाहुण्यांनी नारळ चार वेळा आपटला आणि चारही वेळा तो शाबूत राहिला. शेवटी त्यांच्या ड्रायव्हरने तो मागच्या अंगणात नेला आणि दोन मिनिटांत फोडून आणला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या अर्थातच पाहुण्यांसाठी होत्या.

हा दवाखाना सुरतेत, गोडादऱ्याच्या टोकाला होता. क्षयाच्या रुग्णांसाठी चालवलेला, धर्मादाय. साड्यांच्या दोन गोदामांमध्ये दाबून बसवलेल्या तीन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे एक कडुनिंब. मी तिथे नर्स होते. धुळ्याला शिकले, लग्न होऊन सुरतेला आले आणि दहा वर्षं टीबीच्या माणसांच्या कमरेत सुया टोचत राहिले. रुग्ण बहुतेक आमच्याच बाजूचे. खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेले, घरात अहिराणी आणि रस्त्यावर हिंदी-गुजराती बोलणारे. प्लेगच्या सालानंतर शहरात झाडू जोरात फिरत होता. गटारं स्वच्छ झाली होती, आणि गटारं स्वच्छ झाली की मागोमाग पाहुणे येतात हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवशीचं निमित्त होतं एक लस. रोग होऊ नये म्हणून टोचतात तशी नव्हे, ही रोग झालेल्यालाच टोचायची होती. डॉक्टरांनी मला समजावलं ते असं. क्षयाच्या जंतूंचे कुणी दूरचे भाऊबंद असतात, निरुपद्रवी. त्यांना तापवून मारायचं आणि कातडीत सोडायचं. शरीराचे पहारेकरी त्यांना पाहून उठून बसतात, आणि उठलेच आहेत तर फुप्फुसात दडलेल्या खऱ्या चोरांवरही त्यांची नजर जाते. कातडीतच का, तर हे पहारेकरी तिथे दाटीवाटीने राहतात, रुळांपलीकडच्या नवागाम वस्तीत खोल्यांतून माणसं राहतात तसे. सुई खोल गेली की औषध फुकट. रोजच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या, त्यांच्याशिवाय काही नाही. हा सगळा प्रयोग होता, सिद्ध काहीच झालेलं नव्हतं, आणि डॉक्टर प्रत्येक रुग्णाला तसं स्पष्ट सांगत.

विश्वस्त मात्र माइकवरून सांगत होते की आज गोडादऱ्यात इतिहास घडतो आहे. इतिहासात व्यत्यय नको म्हणून खोकणारे रुग्ण मागे कडुनिंबाखाली बसवले होते.

पुढे बसवली होती फक्त एक. पहिली लस तिला, पाहुण्यांसमोर, फोटोवाल्यासमोर द्यायची होती. नवागामची बाई, पंचविशीतली, आजारापूर्वी लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बॉबिन भरायची. टीबीचा हा तिचा तिसरा फेरा. याआधी दोनदा बरं वाटायला लागल्यावर तिने गोळ्या सोडल्या होत्या आणि दोन्ही वेळा आजार दुप्पट होऊन परतला होता. तिची तीन वर्षांची मुलगी पारोळ्याजवळच्या तिच्या माहेरी ठेवली होती. ती ठेवली होती सासूने. सासूचा नियम साधा होता: औषधाचे आठ महिने पुरे होतील, शेवटची थुंकी साफ येईल, तेव्हा नात घरी येईल. आधी दोनदा अर्ध्यावर आणली होती आणि दोनदा परत पाठवावी लागली होती. तिसऱ्यांदा ती पोरीला गाडीत रडवणार नव्हती.

ही सासू शेजारीच उभी होती. साठीची, काटकुळी, दोन्ही हात कोपरापर्यंत गोंदलेले.

मी सुई घातली. माझा हात दहा वर्षं कमरेवर तयार झालेला. तिथे आत्मविश्वासाने घुसावं लागतं. दंडावरही मी तशीच घुसले. औषध आत गेलं, वर रक्ताचा एक टपोरा थेंब आला, फोटोवाल्याचा दिवा चमकला, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टर खाली वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "बेन, फोल्लो क्यां छे?"

फोड नव्हता. औषध कातडीत राहिलं असतं तर वाटाण्याएवढा पांढुरका फोड उठला असता, संत्र्याच्या सालीसारखा. दंड सपाट होता. इतिहास स्नायूत गेला होता.

म्हातारीने तो रक्ताचा थेंब पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि भर सभेत विचारलं, "माय, तू पोरले टोची राह्यनी का विहीर खोदी राह्यनी?"

पाहुण्यांनी शेजाऱ्याला विचारलं, बाई काय म्हणाल्या? शेजाऱ्याने सांगितलं, आभार मानतेय.

पाहुणे गेल्यावर डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ते ओरडत नसत. सुरती माणूस सहसा शिवी तरी देतो, हे तेही करत नसत, त्यामुळे जास्त लागायचं. ते म्हणाले की आजचा डोस वाया गेला असं ते कागदावर खरं खरं लिहिणार आहेत, आठवड्याने तिला पुन्हा द्यायचा, आणि तोवर माझा हात बसला नाही तर दुसऱ्या दवाखान्यातून नर्सबेन बोलवावी लागेल. "आम नहीं चाले, बेन." मग कागद मिटत, "संत्र्यावर प्रॅक्टिस करा."

पावसाळ्यात सुरतेत संत्री कुठून आणायची हे त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासू-सून गोळ्या घ्यायला आल्या. गोळ्या माझ्यासमोर गिळायच्या असा आमचा नियम होता. सून गोळ्या गिळत होती आणि म्हातारी माझ्या टेबलावरच्या मोसंब्याकडे बघत होती. मोसंब्यात मी सकाळपासून वीसेक भोकं पाडली होती.

"त्याना जीव ली टाका," ती म्हणाली.

मी चिडले होते. "आजी, तुम्हाला सोपं वाटतं? कातडी किती पातळ असते माहीत आहे?"

तिने उत्तर म्हणून दोन्ही हात माझ्यापुढे टेबलावर ठेवले. तुळस, विंचू, पाळणा, ठिपक्यांच्या ओळी. मग शांतपणे सांगितलं की यातलं अर्धं तिच्या आईने गोंदलं आणि उरलेलं तिने स्वतः, डाव्या हातावर उजव्या हाताने, शिकता शिकता. लग्नापूर्वी आणि नंतरही ती आईबरोबर जत्रांत बसायची. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधायच्या, काजळीत बुडवायच्या. किती बाया गोंदल्या याचा हिशेब तिला नव्हता. मशीनवाले आले आणि ते काम गेलं. मग मुलगा लूमवर आला, मागोमाग तीही.

"ध्यान दी आयक," ती म्हणाली. "रगत निंघनं म्हंजे सुई खोल गयी. रगत रंगले धोई टाकस. कातडीखाले नही जानं. कातडीमा जानं."

शाळेत, पुस्तकात, डॉक्टरांच्या तोंडून मी हेच ऐकलं होतं. 'त्वचेच्या दोन थरांमध्ये' वगैरे. पण रक्त रंगाला धुऊन टाकतं, हे कारण त्यात कुठे नव्हतं. रक्त निघालं म्हणजे चूक झाली. इतकी साधी कसोटी मला कुणी दिली नव्हती.

तिने माझा डावा हात धरला आणि सुनेच्या दंडावर ठेवला. अंगठा आणि तर्जनी. "ताण. आजून ताण. ढोलकीनं कातडं ताणतंस तसं. ढिली कातडी सुईले आत वढी लेस." मग माझा उजवा हात तिने आडवा केला, इतका आडवा की सिरिंज जवळजवळ दंडावर झोपली. "आते टोचू नको. सरकाव. सुईनं डोळं तुले दिसाले जोयजे." सुईचा डोळा म्हणजे टोकाचं तिरपं भोक. ते वर ठेवायचं हेही पुस्तकात होतं. पण डोळा तुझ्याकडे बघत राहिला पाहिजे असं सांगितल्यावर मी ते पुन्हा कधी विसरले नाही.

सून म्हणाली, "आत्ताच टोचू नका हां, ताई. आठवडा बाकी आहे." तिला हसू येत होतं. महिनाभरात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"मोसंबं टाकी दे," जाताना म्हातारी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने गावाहून आलेल्या पिशवीतलं एक वांगं आणलं. भरताचं, आमच्या खानदेशातलं, हिरवट पांढरं, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं. त्याची साल तुकतुकीत आणि पातळ, खाली सगळा कापूस. सुई जरा खोल गेली की पाणी त्या कापसात नाहीसं होतं, काही मागमूस राहत नाही. नेमकी सालीखाली गेली तर साल जराशी उचलली जाते आणि बोटाला कळते. मी तीन दिवस दुपारचा वेळ त्या वांग्याला दिला. डॉक्टर दारातून डोकावून गेले. चौथ्या दिवशी साल दहापैकी नऊ वेळा उचलली जाऊ लागली. म्हातारीने वांगं हातात फिरवून पाहिलं, बोट फिरवलं आणि म्हणाली, "आते माणूसले टोच." ते वांगं आम्ही भाजलं नाही. इतकं टोचलेलं भरीत कोण खाणार?

आठवड्याने सुनेच्या दंडावर मी कातडी ताणली, सिरिंज झोपवली आणि सुई सरकवली. औषध जायला अडत होतं. हाताला त्याचा विरोध कळत होता, आणि हेच बरोबर असतं, सहज गेलं तर चुकलं. हळूहळू पांढुरका फोड वर आला. वाटाण्याएवढा, संत्र्याच्या सालीसारखा, वर बारीक बारीक खड्डे. रक्त नाही. तिथे ना फोटोवाला होता, ना माइक. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर नेऊन दंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वाह!" त्यांच्या तोंडून मी हा शब्द नोकरीच्या काळात दोनदा ऐकला. दुसरी वेळ पुढे येते.

त्यानंतर मी कितीतरी दंडांवर तो फोड उठवला. दुसरी बेन बोलवावी लागली नाही. हाताला एखादी गोष्ट जमते तेव्हा माणूस जरा गर्विष्ठ होतो. मीही झाले, आणि म्हणून पुढचं मला दिसलं नाही.

लस टोचली की काही आठवड्यांनी ती जागा लाल होते, सुजते, कधी पिकते, खपली धरते आणि खूण सोडून जाते. तसं होणं चांगलंच. हे मी प्रत्येकाला सांगत असे. सुनेलाही सांगितलं होतं. सासूला सांगितलं नाही. तिला काय सांगायचं, तीच तर माझी गुरू, असं मला वाटलं.

श्रावणात, गुजराती लोकांच्या शीतळा सातमीच्या सहा दिवस आधी, सून गोळ्यांना आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लूमवर पाळी बदलली की नवऱ्याच्या डब्यासाठी कधी कधी एखादा दिवस चुकायचा, पण दोन दिवस कधी नाही. आणि नियम असा होता की सलग सात दिवस गोळ्या चुकल्या तर नाव कटायचं. नाव कटलं की ती प्रयोगातून बाहेर, औषध पुन्हा पहिल्यापासून, तेही तिच्या फुप्फुसांनी ऐकलं तर. आठ महिन्यांचा आकडा पुन्हा शून्यावर, आणि पारोळ्याची पोर पारोळ्यालाच.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गोळ्यांची पुडी घेतली आणि रेल्वेचे रूळ ओलांडून नवागामला गेले.

चाळीतल्या तिच्या खोलीच्या दारावर कडुनिंबाची डहाळी होती. पानं ओळखीची वाटली. आमच्याच अंगणातली होती. उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या, आणि त्यामागे म्हातारी बसलेली, पाय पसरून, आडवी पडलेली सिरिंज असावी तशी दारभर.

"आत येऊ नको, माय. देवी ऊनी शे."

"कुणाला?"

"सूनले. दंडवर."

मग कळलं ते असं. दंडावरची गाठ लाल झाली, पिकली. म्हातारीने पाहिलं आणि तिला तिच्या लहानपणचा सरकारी माणूस आठवला, गावोगाव देवी काढत फिरणारा. त्याने टोचलं की दंडावर हीच गाठ, हीच जागा, हीच खपली. आणि ती गाठ म्हणजे साक्षात देवी. तिच्या आईने तेव्हा पाळलं होतं तेच ती आता पाळत होती. घरात फोडणी नाही, वेणीफणी नाही, परका माणूस उंबऱ्याच्या आत नाही, आणि देवी घरात आहे तोवर औषध तर नाहीच नाही. देवी पाहुणी. पाहुणीसमोर औषध घेणं म्हणजे तिला हाकलणं. सात दिवसांनी दहीभाताचा नैवेद्य दाखवून तिला निरोप द्यायचा, मग पुढे सगळं. शेजारच्या गुजराती बाईनेही दुजोरा दिला होता, सातम जवळच आली होती, त्यामुळे देवीला तारीखही सोयीची पडली होती.

मी सांगून पाहिलं. मेलेले जंतू, पहारेकरी, चोर, सगळं. ती शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "व्हय ना. देवी काढनारा बी आसंच सांगे."

खरं सांगायचं तर तिचा तर्क चुकीचा नव्हता. तोही लसच टोचत होता, मीही लसच टोचली होती. जागा तीच होती. तिने दोन गोष्टींतलं साम्य बरोबर ओळखलं होतं. माझ्या पुस्तकी बुद्धीला एवढंही सुचलं नव्हतं.

आतून सुनेचा आवाज आला, "ताई, आज तिसरा दिवस ना?"

"तिसरा."

"माझी पोर..." ती खोकली. सासूविरुद्ध ती बोलणार नव्हती. दोनदा आपल्या मनाने गोळ्या सोडून तिने ती पत घालवली होती, आणि आता न सोडण्यासाठी भांडायला तिच्याकडे तोंड उरलं नव्हतं.

म्हातारी मात्र त्या शब्दाने हलली. मान फिरवून आत ओरडली, "पोरनाच साठे करी राह्यनू ना मी! देवी कोपनी ते पोर बी जाई आन तू बी!" आणि पदराने डोळे पुसले. तेव्हा मला कळलं की उंबरा अडवून बसलेली ही बाई माझ्याच बाजूची आहे. तिलाही तेच हवं होतं, जे सुनेला हवं होतं.

मी तिच्यासमोर, उंबऱ्याच्या बाहेर, फरशीवर बसले. तिच्या हातावरच्या विंचवाकडे माझं लक्ष गेलं.

"आजी, जत्रेत तुम्ही हात गोंदायच्या, तेव्हा हात सुजायचा?"

"सुजे ना. आठ आठ दिन."

"पिकायचा?"

"एखादीना पिके. हळद लावानी, एरंडीनं तेल लावानं."

"मग ती बाई आठ दिवस घरी बसायची? फोडणी बंद? औषध बंद?"

तिला हसू आलं. "गोंदेल हात ली कोन घर बशी? दुसऱ्या दिन वावरमा."

"का? देवी नव्हती ती?"

"देवी कशानी? ते ते मी टोचेल व्हतं."

मी जरा पुढे सरकले. मग विचारलं, "आणि हे कुणी टोचलं?"

तिने पसरलेले पाय जवळ घेतले. शेजारच्या खात्यातल्या लूमचा खडखडाट चालूच होता. शेवटी म्हणाली, "तू."

"मला कुणी शिकवलं?"

डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तिने नकळत ताणली, हवेत, जणू तिथे कुणाचा तरी दंड होता. मग हळूच वळून आत गेली. सुनेचा दंड उजेडात धरला आणि ती गाठ बारकाईने पाहिली. आता ती भक्ताच्या नजरेने पाहत नव्हती. कारागीर आपलं जुनं काम पाहतो तशी पाहत होती.

"कड गोल शे," ती म्हणाली. "रगत नव्हतं निंघनं ना?"

"थेंबभरही नाही."

"मंग चांगलं बसनं शे." आणि मोठ्याने, जणू चाळीलाच सांगत, "हाई मन्हंच काम शे."

तरी ती म्हातारी होती आणि देवीही देवी होती. दोघींची अब्रू राखणं भाग होतं. तिने ठरवलं ते असं: डहाळी सातमीपर्यंत दारावर राहील, फोडणीही बंद राहील, दहीभाताचा नैवेद्यही होईल. गोळ्या मात्र आत्ता. देवीला काही वाटलं तर तिने म्हातारीला विचारावं, टोचायचं ज्ञान तिचं होतं. मी पुडी उंबऱ्यावर ठेवली. सुनेने माझ्या डोळ्यांसमोर सगळ्या गोळ्या एकदम तोंडात टाकल्या आणि तांब्यातलं देवीचं पाणी पिऊन टाकलं. म्हातारीने रिकामा तांब्या उचलला आणि पुन्हा भरून ठेवला.

वहीत मी लिहिलं, 'दोन दिवस चुकले. कारण: घरगुती.' डॉक्टरांनी वाचलं आणि विचारलं, घरगुती म्हणजे काय? मी सांगितलं. त्यांनी खिडकीतून कडुनिंबाकडे पाहिलं. त्यानंतर लस देताना घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही गाठीबद्दल समजावायचं, असा नियम त्यांनी केला, आणि समजावायला आमच्या म्हातारीला बसवलं. ती पडवीत बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला आपला हात दाखवून सांगायची: सुजेल, पिकेल, घाबरू नका, आणि गोळ्या सोडल्या तर माझ्याशी गाठ आहे. कागदावर तिला कुणी नेमलं नव्हतं, आणि कुणाची उठवायची हिंमतही नव्हती.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. सुनेच्या दंडावर खपली पडून गुलाबी, मग पांढुरकी खूण राहिली. सून जाड झाली. गालांवर मांस आलं. थंडीत एकदा ती चाळीचा जिना न थांबता चढली आणि वर जाऊन आपणच चकित झाली. त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. दिवाळीतही नाही.

फाल्गुनात आठ महिने पुरे झाले. थुंकी तीन दिवस तपासली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढून म्हणाले, "वाह!" ही दुसरी वेळ. मी स्वतः काचेखाली पाहिलं. निळ्या पसाऱ्यात एकही तांबडी काडी नव्हती.

लसीने झालं की गोळ्यांनी? मला विचाराल तर गोळ्यांनी नक्कीच, लसीने कदाचित. एका बाईवरून शास्त्र ठरत नाही. डॉक्टर हेच सांगत होते. विश्वस्तांना मात्र शास्त्र ठरवायची घाई होती. त्यांनी त्याच आठवड्यात सत्काराचा समारंभ लावला. पुन्हा मंडप, पुन्हा माइक, पुन्हा तेच पाहुणे, आणि स्टेजवर 'बरी झालेली भगिनी'. सकाळी अकराला.

त्याच दिवशी, त्याच सुमाराला, भुसावळकडून येणारी पॅसेंजर सुरतेअलीकडच्या उधना स्टेशनात पोचायची होती, आणि तिच्यात पारोळ्याची पोर होती.

मी डॉक्टरांना सांगितलं की भगिनी येणार नाही. त्यांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, "तमे पण जाओ, बेन. स्टेजवर दाखवायला कुणी नसलं की भाषणं लवकर संपतात."

उधन्याच्या फलाटावर आम्ही तिघी उभ्या होतो. म्हातारीने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, सुनेने नवी काचेची बांगडी भरली होती. गाडी नेहमीप्रमाणे उशिराने आली. मामाने पोरीला खिडकीतूनच खाली दिलं. ती आईकडे पाहत राहिली, मग मामाकडे वळली. तिच्या आठवणीतली आई हडकुळी होती. ही कुणी दुसरीच बाई होती. सून बसून राहिली, गुडघ्यांवर, हात पुढे करून. फलाटावरची माणसं तिला वळसा घालून जात होती.

पोर हळूहळू जवळ आली. आधी बांगडीला हात लावला. मग ब्लाऊजच्या बाहीखालच्या पांढुरक्या खुणेला.

"हाई काय शे?"

म्हातारीने सुनेला बोलू दिलं नाही, मलाही नाही.

"हाई मी गोंदेल शे," ती म्हणाली. "घर चाल, तुले बी गोंदस."

दवाखान्यात त्या वेळी कुणीतरी कुणाच्यातरी नावाने टाळ्या वाजवत असणार. मी दुरुस्ती करावी असं मला वाटलं नाही. खुणेखाली सही कुणाची आहे हे ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांना ते ठाऊक होतं. पोरीचं बोचकं मी उचललं, म्हातारीने पोरीला उचलायला हात पुढे केले, पण सुनेने आधीच तिला कडेवर घेतलं होतं. पूल चढताना ती एकदाही थांबली नाही. मी आणि म्हातारी दोनदा थांबलो.